यंत्र जात विचारत नाही, दारावरचा माणूस विचारतो

सध्या जिकडे पाहावे तिकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा आहे. कुणी म्हणतो नोकऱ्या जाणार, कुणी म्हणतो नव्या येणार. आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअॅप गटांवर आणखी एक तिसरा सूर ऐकू येतो. "संगणकाला जात कळत नाही. तंत्रज्ञान पुढे गेले की जात आपोआप मागे पडेल. आता मोर्चे कशाला? कोडिंग शिका." कोडिंग शिकायलाच हवे, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण जात आपोआप मागे पडेल हा विचार भाबडा आहे आणि धोक्याचाही आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या देशात नवे तंत्रज्ञान आले की प्रत्येक वेळी अशीच आशा बांधली गेली. समाज बदलला, उद्योग बदलले, काही बेड्या खरोखर तुटल्या. आणि काही बेड्या नव्या यंत्राला नव्याने जोडल्या गेल्या. हा जमाखर्च मांडल्याशिवाय पुढच्या लाटेत उडी घेणे म्हणजे पोहायला न शिकता पुरात उतरणे होय.

सुरुवात रेल्वेपासून करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. गाडीला तिकीट कळत होते, जात कळत नव्हती. गावात ज्याची सावली चालत नव्हती तो तिसऱ्या वर्गाच्या डब्यात इतरांच्या शेजारी बसू लागला. हा बदल लहान नव्हता. पण १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे बाबासाहेब भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाले तेव्हा काय झाले, ते त्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. रेल्वेने त्यांना मसूर स्टेशनपर्यंत विनातक्रार आणले. मुलांचे कपडे नीटनेटके होते, त्यामुळे स्टेशन मास्तरही आपुलकीने बोलला. ती महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण दुप्पट भाड्यालाही गाडीवान तयार होईना. शेवटी मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असे ठरले. इंग्लंडमधून आलेल्या यंत्राने मुलांना बसवून घेतले आणि गावच्या बैलगाडीवाल्याने नाकारले. यंत्र जात विचारत नाही. दारावरचा माणूस विचारतो.

हा प्रश्न फक्त प्रवाशांचा नव्हता. रेल्वेत काम करणाऱ्या आपल्या माणसांचे काय झाले? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतले. ते वाक्य आपल्या भाषणांत नेहमी येते. पण त्याच भाषणात त्यांनी मांडलेला तपशील आपण विसरतो. रेल्वेतला अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच राहतो, त्याला बढती नाही. त्याला हमालाची साधी जागासुद्धा मिळत नाही, कारण हमालाला स्टेशन मास्तरच्या घरची कामेही करावी लागतात आणि घरात अस्पृश्य चालत नाही. म्हणजे पाहा, इंजिन वाफेचे, रूळ पोलादी, सिग्नल नव्या पद्धतीचे आणि भरतीचा नियम मात्र स्टेशन मास्तरच्या स्वयंपाकघराचा!

आता गिरणीकडे या. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिली कापड गिरणी उभारायला घेतली. पुढच्या काही दशकांत मुंबई गिरण्यांचे शहर झाली. कोकणातून आणि घाटावरून आपले आजे-पणजे गावकीची कामे टाकून परळ, नायगाव, वरळीच्या चाळींत आले. हातात रोख पगार आला आणि पाटील-कुलकर्ण्यांपुढची लाचारी सुटली. याच वस्त्यांतल्या वर्गणीवर सभा झाल्या, परिषदा झाल्या, पत्रे चालली. औद्योगिक शहर नसते तर आंबेडकरी चळवळीचा पायाच वेगळा असता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण गिरणीतले एक खाते आपल्याला बंद होते. विणकाम खाते, म्हणजेच साचेखाते. तिथे पगार जास्त आणि मानही जास्त. बंद का, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आपण तोंड लावले तर आपण बाटू, असे इतर विणकऱ्यांचे म्हणणे. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत अडकली. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आम्ही आमच्या कामगारांना संपात राहू नका म्हणून सांगू. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. मालकांनी हात झटकले. हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, असे त्यांचे उत्तर. आणि मालकांचे हे म्हणणे पूर्ण खोटेही नव्हते. साचा मालकाचा होता, पण त्यावरचे सोवळे कामगारांनीच पाळले होते.

मित्रांनो, यातून एक सूत्र निघते. तंत्रज्ञानाच्या प्रत्येक लाटेत एक साचेखाते असते. जिथे पैसा, कसब आणि मान एकत्र येतात ती जागा म्हणजे त्या लाटेचे साचेखाते. त्याचे दार बंद ठेवायला प्रत्येक काळात नवे कारण शोधले जाते. कधी थुंकी, कधी स्वयंपाकघर, कधी 'मेरिट'. लाट आली की आधी विचारायचे, हिचे साचेखाते कुठे आहे आणि दारावर कोण उभा आहे?

दुसरे सूत्रही तितकेच महत्त्वाचे आहे. प्रत्येक लाटेत अशीही एक जागा असते जिथे यंत्र पोहोचतच नाही. त्याच रेल्वेकडे पाहा. वाफेची इंजिने गेली, डिझेल आले, वीज आली, आरक्षण संगणकावर गेले. पण डब्यातली घाण थेट रुळांवर पडत राहिली आणि ती उचलायला माणसे उभी राहिली. ती कोणत्या जातींची होती हे सांगायची गरज नाही. गाड्यांना जैव-शौचालये बसायला एकविसावे शतक उजाडावे लागले. शहरांच्या गटारांची गोष्ट याहून भयंकर आहे. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा, अधिक व्यापक कायदा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाई तिप्पट झाली, पण भरपाई द्यावी लागते याचा अर्थच माणूस अजून आत उतरतो आहे.

यंत्र नाही म्हणून हे चालले आहे काय? मुळीच नाही. शोषण यंत्रे आहेत, जेटिंगच्या गाड्या आहेत. केरळच्या तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव तयार केला आणि २०१८ पासून तिरुवनंतपुरमच्या मॅनहोलमध्ये तो उतरू लागला. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला गटारात यंत्र उतरवणे अवघड नाही. अडचण तंत्राची नाही, किमतीची आहे. ठेकेदाराला यंत्रापेक्षा माणूस स्वस्त पडतो, कारण तो माणूस कोणत्या जातीचा आहे हे ठरलेले आहे. जिथे माणसाच्या जिवाची किंमत कमी, तिथे शोध लागूनही यंत्र येत नाही. बेझवाडा विल्सन आणि सफाई कर्मचारी आंदोलनाने वर्षानुवर्षे हेच ओरडून सांगितले आहे.

तिसरी गोष्ट गावातली. टपाल आले, तार आली, रेल्वे आली, तेव्हा सरकारी निरोप पोहोचवणे, खजिन्याबरोबर जाणे ही महार वतनातली कामे कालबाह्य होऊ लागली. पोटाचे साधन आटले. पण वतनाची गुलामगिरी त्याबरोबर गेली का? नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक आणले. तरी ही वतने रद्द होण्यासाठी १९५८ चा कायदा व्हावा लागला. तारेने संदेश क्षणात जाऊ लागला, पण येसकराला पाटलाच्या दारातून मोकळे व्हायला शंभर वर्षे लागली. तंत्रज्ञान जुने काम संपवते. जुने नाते संपवायला कायदा आणि चळवळच लागते.

इथे कुणी म्हणेल, मग यंत्रालाच विरोध करा. नाही! तो मार्ग आपला नव्हता आणि नाही. गांधीजींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज'मध्ये यंत्रसंस्कृतीवर टीका केली आणि पुढे चरखा हातात घेतला. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या ग्रंथात या विचाराचा समाचार घेतला. यंत्रामुळे माणसाला जनावरासारख्या कष्टातून सुटका मिळते, फुरसत मिळते, आणि फुरसत मिळाली तरच तो विचार करू शकतो, संस्कृती घडवू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. यंत्रामुळे अनर्थ होत असेल तर दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाहण्यात गेल्या त्यांना श्रमाचे गोडवे ऐकवण्यात कसले अध्यात्म?

१९१८ सालच्या लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी शेतीवरचा अतिरिक्त भार हलका करण्यासाठी औद्योगिकीकरणाचा मार्ग दाखवला होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांच्या खात्याने विजेच्या आणि पाण्याच्या नियोजनाचा पाया घातला. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी याच काळातली. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ती उद्योगांसाठी हवी आणि उद्योग दारिद्र्यातून सुटण्यासाठी हवेत, अशी त्यांची साखळी होती. पण त्याच मंत्र्याने यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाचा विचार सोडला नाही. कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांनीच मांडलेली. एका हाताने वीज आणायची आणि दुसऱ्या हाताने कामगाराचे तास बांधून द्यायचे. आंबेडकरी तंत्रज्ञान-धोरण कुणाला एका वाक्यात हवे असेल तर ते हे आहे.

आणखी एक मुद्दा बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त मांडला, तो आज विशेष लागू पडतो. उद्योग कधीच स्थिर नसतो. धंदे बुडतात, नवे उभे राहतात. अशा वेळी माणसाला एक काम सोडून दुसरे धरण्याची मोकळीक हवी. जात नेमकी तीच मोकळीक काढून घेते, म्हणून जात हे बेकारीचेही कारण आहे. मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण घ्या. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. ज्याच्याकडे गावी जमीन होती, गाठीला पैसा होता, घरात शिक्षण होते, तो दुसऱ्या धंद्यात शिरला. ज्याच्याकडे यातले काहीच नव्हते त्याचा मुलगा त्याच मॉलच्या दारावर पहारेकरी झाला, त्याची सून तिथल्या फरशा पुसू लागली. लाट सर्वांवर एकच येते, पण सर्वांची होडी एक नसते.

आता आपल्या डोळ्यांसमोरच्या लाटेकडे येऊ. १९९१ नंतर संगणक उद्योग वाढला तो खासगी क्षेत्रात, म्हणजे जिथे आरक्षण नाही तिथे. सरकारी नोकऱ्या आक्रसत गेल्या आणि नवे साचेखाते हिंजवडीत, बंगळुरूत, हैदराबादेत उघडले. आपली पहिल्या पिढीतली हजारो मुले कर्ज काढून, वसतिगृहात राहून, इंग्रजीशी झगडून तिथे पोहोचली. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण दारावरचा माणूस तिथेही आहेच. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले गेले. दलित आडनावाच्या अर्जाला होकारार्थी उत्तर मिळण्याचे प्रमाण सवर्ण आडनावाच्या तुलनेत दोन तृतीयांशाच्या आसपास भरले. पात्रता तीच, फरक फक्त आडनावाचा! आणि हे दार समुद्रापलीकडेही गेले. तंत्रज्ञान कंपन्यांचे शहर असलेल्या अमेरिकेतल्या सिअॅटलला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर कायद्याने बंदी घालावी लागली. तिथे जात रोगासारखी हवेतून गेली नाही, ती आपल्याच देशातल्या लोकांच्या सामानातून गेली.

कृत्रिम बुद्धिमत्ता या दारावरच्या माणसाला हटवणार नाही. उलट त्याला यंत्राच्या आत बसवू शकते. हे यंत्र शिकते कशावरून? आधी जे लिहिले गेले, आधी जे निर्णय झाले, त्यावरून. अमेझॉन कंपनीने अर्ज छाननीसाठी एक संगणकीय पद्धत तयार केली होती. आधीच्या दहा वर्षांचे अर्ज तिला शिकवायला दिले. ते बहुतेक पुरुषांचे होते. यंत्र स्त्रियांचे अर्ज खाली ढकलायला शिकले. शेवटी तो प्रकल्प गुंडाळावा लागला, हे २०१८ साली जगजाहीर झाले. आता विचार करा. आपल्या देशातल्या भरतीच्या, कर्जाच्या, भाड्याच्या घरांच्या जुन्या नोंदींवर यंत्र शिकले तर ते काय शिकेल? आडनाव, वस्तीचा पत्ता, कॉलेजचे नाव, शिक्षणात पडलेला खंड या सगळ्यांतून ते जात ओळखील, आणि तिला जात म्हणणारही नाही. स्टेशन मास्तरचा बदललेला चेहरा निदान दिसत तरी होता. यंत्राचा चेहरा बदलत नाही. फक्त 'आपला अर्ज स्वीकारता येत नाही' एवढा संदेश येतो.

सोवळे-ओवळे अॅपमध्ये कसे शिरते याची झलक आपण पाहिली आहे. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' ग्राहकांसाठी वेगळा ताफा आणि हिरवा गणवेश जाहीर केला. टीका झाली, दुसऱ्याच दिवशी वेगळ्या गणवेशाचा निर्णय मागे घेतला गेला. ताफा ठेवणार, असे मात्र कंपनीने सांगितले. हेतू काहीही असो, उपग्रहाच्या नकाशावर चालणाऱ्या धंद्याला शुद्धतेची भाषा किती सहज सुचली, हे ध्यानात ठेवा. धोट्याचा धागा तुटला नाही, फक्त लांबला आहे.

मग आपण काय करायचे?

एक, साचेखात्यात शिरायचे. अॅप वापरणे म्हणजे तंत्रज्ञान येणे नव्हे. दुचाकीवरून पार्सल पोहोचवणाऱ्या तरुणाच्या कष्टाला आमचा सलाम आहे, पण ज्या कोडने त्याचा दर ठरतो ते कोड लिहिणाऱ्या टेबलावरही आपला माणूस हवा. आपल्या प्रत्येक बुद्धविहाराच्या एका खोलीत संगणक, इंटरनेट आणि गणित-इंग्रजीचा मोफत वर्ग हवा. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभरातल्या जेमतेम चार-पाच घरांत संगणक होता. मोबाइल आज हातोहात आहे, पण मोबाइलवर बघता येते, घडवता येत नाही. आणि या वर्गात मुली पुढच्या रांगेत हव्यात, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के होते, तर स्त्रिया ३३ टक्केच.

दोन, दारावरच्या माणसाला कायद्याने बांधायचे. खासगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी जुनी झाली म्हणून सोडायची नाही. तिच्याबरोबर नवी मागणी जोडायची. भरती, कर्ज आणि सरकारी योजनांत जिथे यंत्र निर्णय घेते, तिथे त्या निर्णयांची जातनिहाय आणि लिंगनिहाय तपासणी झाली पाहिजे, नकाराचे कारण लेखी मिळाले पाहिजे. अॅपवर काम करणाऱ्यांसाठी राजस्थानने २०२३ साली देशातला पहिला राज्य कायदा केला. महाराष्ट्रातल्या कामगार चळवळीने तो कायदा समोर ठेवून सरकारला जाब विचारावा.

तीन, यंत्र जिथे पोहोचत नाही तिथे ते पोहोचवायचे. पुढच्या पालिका निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारा. तुमच्या प्रभागात गटारात माणूस उतरतो की यंत्र? आणि ते यंत्र चालवण्याचे प्रशिक्षण, परवाना आणि कर्ज त्याच सफाई कामगाराच्या हाती आहे की पुन्हा ठेकेदाराच्या? यंत्र येऊन काम गेले आणि हाती काहीच राहिले नाही, तर ती मुक्ती नव्हे, ती वतनाची पुनरावृत्ती आहे.

चार, आपले शब्द आपणच जपायचे. छापखाना आला तेव्हा आपल्या लोकांनी तो ओळखला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेब रडत बसले नाहीत. पत्रे काढत राहिले, पुढे स्वतःचा छापखाना उभारला. कॅसेट आली तेव्हा आपल्या शाहिरांनी भीमगीते वाडीवस्तीपर्यंत नेली. आजचे यंत्र मजकुरावर शिकते. आपली जुनी पत्रे, परिषदांचे ठराव, शाहिरांच्या वह्या, आईआज्यांच्या आठवणी कपाटात वाळवी खात राहिल्या, तर उद्याचे यंत्र आपल्याबद्दल इतरांनी लिहिलेलेच खरे धरील. तालुक्याच्या प्रत्येक शाखेने या जयंतीला डीजेचा खर्च थोडा कमी करून एक स्कॅनर घ्यावा, एवढी तरी सुरुवात होऊ शकते.

रेल्वे आली म्हणून मसूरची बैलगाडी मिळाली नाही. गिरणी आली म्हणून साचेखाते उघडले नाही. तार आली म्हणून वतन सुटले नाही. जे मिळाले ते संघटनेने, शिक्षणाने आणि कायद्याने मिळाले. यंत्राने संधी दिली, हक्क दिला नाही. येणारी लाटही हक्क देणार नाही. ती फक्त एक नवे दार उभे करील. त्या दारावर कोण उभा राहणार, हे ठरवायची वेळ आता आहे. यंत्र बसून गेल्यावर फक्त रांगेत उभे राहायचे काम उरते.

जयभीम!